विजेच्या गजराचीं जुनीं घड्याळें

जुन्या घड्याळांचे संग्राहक पुष्कळ आढळतात. परंतु विद्युत्घटावर वाजणाऱ्या पहिल्या गजराच्या घड्याळांकडे वळणारे थोडे. हीं घड्याळें दिसावयास साधीं असतात आणि त्यांतील घट बहुधा केव्हांच निकामी झालेला असतो. तथापि माणसास झोंपेंतून उठविण्याचें काम विजेकडे कसें आलें, ही कथा त्यांच्यांतच सांठविलेली आहे.

अलेक्झांडर बेन या स्कॉटिश कारागिरानें १८४१ सालीं विजेच्या घड्याळाचें पेटंट मिळविलें. ओल्या जमिनींत धातूंचे पत्रे पुरून त्यानें वीज उत्पन्न केली. पण जमिनींत पुरलेला घट उशाशीं कसा ठेवावयाचा? १८६६ सालीं लक्लांशे या फ्रेंच संशोधकानें जस्त, कर्ब व नवसागराचें पाणी यांचा घट तयार केला. पुढें १८८६ च्या सुमारास जर्मनींत गास्नेर यानें त्यांतील पातळ द्रव काढून कोरडा घट बनविला. आतां तो लहानशा पेटींत मावूं लागला.

या घटाचा एक स्वभाव लक्षांत घेण्याजोगा आहे. सतत वीज घेतल्यास कर्बावर हैड्रोजन वायु सांचून तो थकतो. विसांवा मिळाला म्हणजे पुनः सावध होतो. गजर दिवसांतून कांहीं मिनिटेंच वाजावयाचा! म्हणून अनेक घड्याळांत वेळ दाखविण्याचें काम किल्लीच्या कमानीकडेच राहिलें आणि घंटेपुरतें विजेकडे गेलें. ठरल्या वेळीं यंत्रांतील दोन धातूंचे तुकडे एकमेकांस टेकत, मंडल पूर्ण होई आणि घंटा वाजूं लागे. कमानीचा गजर कमान उतरतांच गप्प होतो. हा मात्र निजणारा उठून खटका फिरवी तोंवर, किंवा घट थके तोंवर, थांबत नसे.

असें घड्याळ हातीं आल्यावर जाणता संग्राहक प्रथम घटाची पेटी उघडतो. जुना घट पाझरला असेल तर त्यांतील क्षारांनीं पितळेस हिरवा गंज चढलेला असतो. तो हलक्या हातानें काढावा लागतो. एका कोरड्या घटाचा दाब सुमारें १.५ व्होल्ट, एकाच घटासाठीं केलेल्या घंटेस याहून अधिक दाब दिल्यास तिचें वेटोळें जळण्याचा संभव असतो.

परंतु गंजापेक्षां उत्साही दुरुस्तीचें भय मोठें. सुती वेष्टणाच्या तारा फेंकून आंत क्वार्ट्झचें यंत्र बसविलें कीं घड्याळ बिनचूक चालतें, पण त्याची साक्ष नाहींशी होते. यास्तव केलेला प्रत्येक बदल पुनः काढतां यावा, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा आणि पाझरलेला घट निराळा ठेवावा. घंटा न वाजली तरी चालेल. ती कशी वाजत असे, हें पुढच्या पिढीस त्या पेटींतून वाचतां आलें पाहिजे.