म्युलर : एका जर्मन आडनांवाची कुळकथा
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या मंगल महोत्सवांत एका परदेशी आडनांवाविषयीं बोलण्याचें मीं कां योजिलें, असा प्रश्न आपल्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. त्याचें कारण प्रथम सांगतों. ह्या स्मरणिकेच्या तयारीसाठीं बाप्तिस्म्याचीं जुनीं पुस्तकें चाळीत असतां एक तरुण मला हळूच म्हणाला, "आमच्या पणजोबांचें आडनांव ह्यांत आहे, तें मात्र छापूं नका. त्यावरून लोक आमचा जुना धंदा ओळखतात." त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आजचें व्याख्यान हेंच माझें उत्तर होय.

उत्तराचा विचार करीत असतां माझें लक्ष त्याच पुस्तकांतील सह्यांकडे गेलें. ह्या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघाच्या जर्मन धर्मगुरूंनीं सेवा केली, हें आपण जाणतांच. त्यांचीं आडनांवें आपण आदरानें उच्चारितों. परंतु त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः तीं आपल्या आडनांवांसारखींच घडलेलीं आहेत. जर्मन आडनांवांचे मुख्य वर्ग चार : कांहीं पूर्वजाच्या नांवावरून, कांहीं गांवावरून किंवा प्रांतावरून, कांहीं अंगच्या रूपागुणांवरून आणि कांहीं धंद्यावरून पडलेलीं. मुंबईस १८५० सालीं 'एक्झॅमिनर' पत्र काढणारे महागुरु अनास्तासियुस हार्टमान हे जन्मानें स्विस; परंतु त्यांचें आडनांव जर्मन भाषेंतील व पहिल्या वर्गांतील. 'हार्टमान' म्हणजे कणखर मनुष्य. हें मूळचें पाळण्यांतील नांव. १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू करणारे आणि १९०७ सालीं पुण्याचे महागुरु झालेले हेन्री डोरिंग यांचें आडनांव दुसऱ्या वर्गांतील. थुरिंगिया प्रांताचा रहिवासी तो डोरिंग. आपल्या 'नगरकर', 'पुणेकर' यांचेंच तें भावंड. 'क्लाइन' म्हणजे लहान चणीचा. तें तिसऱ्या वर्गांतील. चौथ्या, म्हणजे धंद्याच्या, वर्गांत 'म्युलर' हें आडनांव येतें, आणि आजचा विषय तेंच आहे.

'म्युलर' म्हणजे दळणारा, पाणचक्कीचा चालक. ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. लॅटिनमध्यें 'मोलेरे' म्हणजे दळणें, 'मोलिना' म्हणजे चक्की आणि 'मोलिनारियुस' म्हणजे चक्कीवाला. संस्कृतांतील 'मृणाति', म्हणजे चिरडतो, हें क्रियापद त्याच धातूच्या गोत्रांतील असल्याचें भाषाशास्त्रज्ञ मानितात. रोमन लोकांनीं पाण्यावर चालणारी चक्की जर्मन प्रदेशांत नेली आणि तिच्याबरोबर तिचें नांवहि गेलें. हातजात्याचा जुना जर्मन शब्द हळूहळू मागें पडला. उत्तरेकडे ह्या आडनांवाचें 'मोलर' झालें, दक्षिणेकडे 'मिलर' झालें. आणि विद्वानांपैकीं कांहींनीं त्यास लॅटिन पोशाख चढवून 'मोलिटोर' असें रूप दिलें. अमेरिकेंत गेलेले कित्येक म्युलर तेथें 'मिलर' होऊन गेले.

जर्मनींत हें आडनांव आज सर्वांत अधिक आढळतें. स्वित्झर्लंडमध्येंहि त्याचाच पहिला क्रमांक आहे. ह्या लोकप्रियतेचीं कारणें साधीं आहेत. बाराव्या शतकापासून जर्मन शहरांत वस्ती दाट होऊं लागली. एकाच गल्लींत पांच योहान राहूं लागले, तेव्हां कोणता योहान हें सांगण्यासाठीं दुसरें नांव जोडणें भाग पडलें. ओढ्याकांठीं चक्की चालविणारा तो योहान म्युलर. धान्य दळल्यावांचून कोणत्याहि गांवाचें चालत नाहीं. म्हणून चक्की सर्वत्र होती. शिवाय पुष्कळ ठिकाणीं जमीनदाराचा असा निर्बंध असे कीं, रयतेनें त्याच्या ठरविलेल्या चक्कीवरच दळलें पाहिजे. त्यामुळें एका टापूंत चक्कीवाला बहुधा एकच, आणि त्याची ओळख सर्वांस. दुसऱ्या क्रमांकाचें आडनांव 'श्मिट', म्हणजे लोहार. श्मिट, श्मिड, श्मिट्स अशीं त्याचीं सर्व रूपें एकत्र मोजिलीं तर लोहारच पुढें जातो. परंतु म्युलरांचें लेखन बहुतेक एकसारखें राहिल्यामुळें गणनेंत मान त्यांस मिळाला.

आतां, इतकें मोठें कुळ, तेव्हां त्याला पूर्वीपासूनच प्रतिष्ठा असेल, असें आपणांस वाटेल. गोष्ट उलट आहे. मध्ययुगांत जर्मनीच्या पुष्कळ भागांत चक्कीवाला हा हलक्या धंद्याचा मनुष्य गणला जात असे. चक्की गांवाबाहेर, पाण्याच्या कांठीं. शेतकरी पोतें घेऊन येई, धान्य चक्कींत पडे, आणि पीठ किती निघालें हें त्यास नीट कळत नसे. चक्कीवाल्याची मजुरी म्हणून त्यांतलेंच एक माप काढून घेतलें जाई. म्हणून त्यानें अधिक माप काढलें, हा संशय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कारागिरांचे संघ चक्कीवाल्याच्या मुलास आपल्यांत घेण्याचें नाकारीत. सोनार होण्याची हौस असलेल्या मुलानें बाप चक्कीवाला आहे एवढ्याच अपराधास्तव परत फिरावें, अशी स्थिति होती. अखेर १५४८ सालीं आउग्सबुर्ग येथील साम्राज्यसभेनें नियम केला कीं, चक्कीवाले, विणकर, मेंढपाळ, न्हावी इत्यादिकांच्या मुलांस संघांतून वगळूं नये. तोच नियम १५७७ सालीं पुन्हां करावा लागला. एकच कायदा दोनदां कां करावा लागतो, हें आपल्या देशांतील लोकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढें ह्याच नांवाचीं माणसें कोठें कोठें पोंचलीं, तें पाहा. १४३६ सालीं जन्मलेला योहान म्युलर हा 'रेगिओमोंटानुस' ह्या नांवानें थोर ज्योतिर्विद म्हणून प्रसिद्ध आहे. पंचांगसुधारणेसाठीं पोप चौथे सिक्स्तुस यांनीं त्यास रोम येथें बोलाविलें आणि तेथेंच १४७६ सालीं त्याचा अंत झाला. डेसाउ नगराचा कवि विल्हेल्म म्युलर हा मूळचा शिंप्याचा मुलगा. म्हणजे तोंवर नांव राहिलें होतें व धंदा सुटला होता. तरीहि त्यानें एका चक्कीवाल्याच्या उमेदवारावर गीतमालिका लिहिली, आणि शुबर्टनें १८२३ सालीं तिला संगीत दिलें. त्याच सालीं ह्या कवीस जो पुत्र झाला, तो मॅक्स म्युलर. त्यानें १८४९ पासून १८७४ पर्यंत सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला आणि संस्कृतांत आपलें नांव 'मोक्षमूलर' असें लिहिलें. चक्कीच्या नांवास असा मोक्ष मिळाला!

आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या दृष्टीनें ज्यांचें स्मरण विशेष उचित, ते फादर ऑगस्टस म्युलर. वेस्टफालियांत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु १८७८ सालीं मंगळुरास आले. १८८० सालीं कंकनाडी येथें त्यांनीं गोरगरिबांस होमिओपॅथिक औषधें देण्यास आरंभ केला. १८९० सालीं ज्यांस कोणी जवळ करीत नसे अशा महारोग्यांसाठीं त्यांनीं आश्रय उघडला. १९१० सालीं ते निवर्तले. परंतु त्यांच्या नांवाचें रुग्णालय आजहि तेथें चालू आहे. त्या दारांत उभ्या राहिलेल्या रोग्यानें 'म्युलर' ह्या शब्दाचा अर्थ काय, हें कधीं विचारिलें असेल असें मला वाटत नाहीं.

बंधुभगिनींनो, येथें मला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. म्युलरांनीं नांव टाकलें नाहीं, हें खरें. परंतु त्यांचा कलंक केवळ त्यांच्या धैर्यानें गेला नाहीं. कायदा बदलला, संघांचीं दारें उघडलीं आणि शेजाऱ्यांनीं तुच्छतेनें पाहण्याचें सोडलें, तेव्हां तो गेला. आपल्याकडील जातीचें बंधन तर त्याहून फार चिवट. म्हणून त्या तरुणास 'लाज सोड' एवढेंच सांगून मी मोकळा होऊं शकत नाहीं. नांव सांगणारा जितका जबाबदार, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, नांव विचारणारा जबाबदार आहे. एकाच वेदीपाशीं आपण ख्रिस्तप्रसाद घेतों. ती भाकर ज्या पिठाची, तें कोणीतरी दळलेलें असतें. आणि तीच मंडळी सोयरीक जुळवितांना आडनांव ऐकून गप्प होतात, हें मीं पाहिलें आहे. आपणहि पाहिलें असेल.

१५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें विवाहांची नोंद ठेवण्याचा नियम घालून दिला, आणि धर्मग्रामांच्या अशा पुस्तकांमुळें युरोपांतील आडनांवें स्थिर होण्यास मोठी मदत झाली. आपलीं पुस्तकें त्याच परंपरेंतील. त्यांत कोणाचा धंदा चांगला, कोणाचा वाईट, असा रकाना नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरु आईबापांस विचारितात तें मुलाचें नांव. आडनांव विचारीत नाहींत. तें मागाहून पुस्तकांत लिहिलें जातें.

पणजोबांचें आडनांव छापावें कीं नाहीं, तें ठरविण्याचा अधिकार मीं त्या तरुणावरच सोपविला आहे. त्यानें 'छापा' म्हणावें, अशी माझी इच्छा आहे. आणि तें वाचून आपल्यांपैकीं एकाहि मनुष्यानें भुंवई उंचावूं नये, अशी माझी आपणां सर्वांस विनंति आहे.

 प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.