‘पुढचा ब्रेक दाबू नको’
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आहे, आणि आज सकाळी नाश्त्याला आपल्यातल्या तिघा-चौघांनी तीच काढली. म्हणून त्यांची क्षमा मागून मी राजदूत ३५० च्या पुढच्या ब्रेकवर बोलणार आहे. हसा खुशाल. या सभागृहात किमान दहा जण असे आहेत, ज्यांच्या वस्तीवर गोण्यांखाली एखादी आरएक्स १००, येझदी किंवा राजदूत उभी आहे आणि घरातला एखादा पोरगा किंवा पोरगी तिच्याकडे डोळा लावून आहे.

आमच्या वस्तीवरची गाडी काकांची. १९८६ सालची. काका गेल्यावर ती शेडमध्येच राहिली. माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे, परवाना आहे, पुण्यात रोज दुचाकी चालवते. गेल्या वर्षी सुट्टीला आली आणि म्हणाली, ही मी चालवणार. माझ्या सासूबाईंनी नाही म्हटलं, आईने नाही म्हटलं. मी म्हटलं, आधी ती थांबते का ते बघू.

या गाडीची जन्मकथा थोडक्यात सांगते, कारण ब्रेकचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. यामाहाची मूळ आरडी ३५० सत्तरच्या दशकातली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, ३९ अश्वशक्ती, आणि पुढे डिस्क ब्रेक. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती फरिदाबादला बनवून ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. इथल्या रस्त्यांसाठी आणि खिशासाठी इंजिनाची ताकद कमी करून ती तीस अश्वशक्तीच्या आसपास ठेवली. खर्च वाचवायला डिस्क काढली आणि पुढे ड्रम बसवला. तरी ज्या काळात बुलेट ३५० ची ताकद अठरा अश्वशक्ती होती, त्या काळात ही गाडी म्हणजे वादळ होतं. पळायचं सामान बरंचसं राहिलं, थांबायचं सामान मात्र बदललं.

त्यात टू-स्ट्रोकचा एक स्वभाव आहे. फोर-स्ट्रोक गाडीचा थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. टू-स्ट्रोक तसं फारसं ओढत नाही, गाडी घरंगळत राहते. म्हणजे सगळं काम ब्रेकवर. स्प्लेंडरवरून उतरून जो पहिल्यांदा या गाडीवर बसतो, त्याला वळणाआधी हे कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आता थोडं गणित. सर समोर बसलेत, चुकलं तर थांबवतील. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ढिल्या ब्रेकची गाडी अर्ध्या ‘जी’ने मंदावली तर थांबायला साधारण ५० मीटर घेईल. चांगल्या ब्रेकची ०.७ ‘जी’ने मंदावली तर ३६ मीटर. फरक १४ मीटरचा. ट्रॅक्टर आणि त्यामागच्या उसाच्या ट्रॉल्या मिळून जेवढी लांबी होते, साधारण तेवढा. पण मला घाबरवणारा आकडा वेगळा आहे. जिथे चांगल्या ब्रेकची गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी गाडी अजून ताशी ४३ किलोमीटरने चालली आहे. गळीत हंगामात नेवासा रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मागे, हा आकडा काय करतो ते इथे कुणाला सांगायला नको. आपल्या बॅचमध्ये ती खुर्ची रिकामी आहे.

तरीही मी लगेच डिस्कमागे धावले नाही, आणि तुम्हीही धावू नका. राजदूतचा पुढचा ड्रम साधा नाही. त्यात दोन कॅम आहेत आणि दोन्ही शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर ओढले जातात. नीट जुळवला तर तो ड्रम चांगला धरतो. पण दोन्ही कॅम जोडणाऱ्या सळीची लांबी अशी बसवावी लागते की दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतील. पाहिलेल्या दहातल्या आठ गाड्यांत ती सळी कुणीतरी अंदाजाने फिरवलेली असते. एक शू काम करतो, दुसरा नुसता सोबत फिरतो, आणि मालक म्हणतो, ‘ड्रमच भिकार आहे.’ आम्ही आधी हेच केलं: ड्रम लेथवर गोल करून घेतला, नवीन लायनर, नवीन केबल, सळी जुळवली. मागच्या बाकावरच्या आपल्याच एका मित्राने हे काम केलं. त्याचं नाव घेऊ नको म्हणालाय, नाहीतर उद्यापासून सगळे फुकटात गाड्या आणतील.

फरक पडला. मोठा पडला. ज्यांना गाडी रविवारी सकाळी बेलापूर गावापर्यंत नेऊन आणायची आहे, त्यांनी इथेच थांबावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण सलग चार-पाच वेळा जोरात दाबल्यावर ड्रम तापतो आणि पकड सुटते. पावसात ओला झाला की पहिल्या दाबाला काय होईल याचा भरवसा नाही. चढावर गाडी मागे घरंगळताना हाच ड्रम अगदी दुबळा, कारण दोन्ही शू उलट्या दिशेला धरतच नाहीत. मुलगी ही गाडी फक्त रविवारी चालवणार नव्हती. म्हणून डिस्क.

डिस्क म्हणजे नुसती चकती नव्हे. कॅलिपर धरायला शॉकअपच्या खालच्या नळीवर कान लागतो, आणि ड्रमवाल्या नळीवर तो नसतो. काही जण ॲल्युमिनियमच्या ओतीव नळीवर वेल्डिंग करून कान चिकटवतात. असली गाडी दिसली तर तिच्यावर बसू नका. सगळा जोर त्या टाक्यावर येतो. आम्ही एका नंतरच्या भारतीय गाडीचा पुढचा भाग आख्खा घेतला: दोन्ही शॉकअप, चाक, डिस्क, कॅलिपर. तो आपल्या चौकटीत बसवायला लेथचं काम निघालं. स्पीडोमीटरची केबल जुन्या ड्रमच्या प्लेटमधून निघायची, तिची वेगळी सोय करावी लागली. काकांचं जुनं चाक तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवलं आहे. आमच्या धंद्यात बदल फसला तर जुनी आवृत्ती परत चढवतात, ती सवय इथे कामाला आली.

आणि मग तो मास्टर सिलिंडर. आणलेल्या सेटमध्ये तो नव्हता. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने हाताला लागला तो बसवला. ब्रेक दाबला तर दगड. माझ्या मुलीने दोन बोटांनी ओढला, गाडी निवांत पुढे. तो म्हणाला, “ताई, डिस्क अशीच टाईट असते, सवय होईल.”

सवय होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हे मोजता येतं. हाताने आपण मास्टर सिलिंडरचा छोटा पिस्टन ढकलतो, तेल कॅलिपरचा मोठा पिस्टन ढकलतं. जोर किती पटीने वाढतो ते दोन्हींच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावर ठरतं, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. आपला कॅलिपर ३८ मिलिमीटर पिस्टनचा. बसवलेला मास्टर निघाला पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर. गुणोत्तर ५.७. त्याजागी अर्धा इंचाचा, १२.७ मिलिमीटरचा बसवला, गुणोत्तर ९. तीच बोटं, तेवढाच जोर, आणि पकड दीडपटीहून जास्त. बदल्यात लिव्हर थोडा जास्त आत येतो. तेवढं द्यावंच लागतं; फार लहान घेतला तर लिव्हर हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धाच लागेल. ‘मोठा मास्टर म्हणजे मोठा ब्रेक’ हा समज गॅरेजमध्ये सर्रास आहे. लिव्हर टणक लागतो, मालक खूश होतो, आणि गाडी थांबत नाही. ज्याच्या हाताने ब्रेक दाबायचा आहे त्याच हाताने तो तपासा. काकांचा पंजा होता नांगर धरलेला. मुलीची बोटं लहान, म्हणून लिव्हरही जवळ आणता येईल असा घेतला.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगते. रबरी पाइप जुना असेल तर तो फुगतो आणि तुमचा जोर खातो. स्टीलची जाळी असलेला घ्या. ब्रेक ऑइल डॉट ४. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर तीच हमी १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदला, आणि टाकीवर सांडू देऊ नका, रंग उतरतो. एअर पूर्ण काढा. लिव्हर स्पंजासारखा लागला की आत हवा आहे. नवीन पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-पंचवीस वेळा हळूहळू दाबून ते बसवा. आणि कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. हात लावण्याआधी आपल्या एमएच-१७ च्या कचेरीत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आम्ही दोन्ही केलं.

आता जे सगळ्यांसाठी आहे, स्कूटीवाल्यांसाठीसुद्धा. आपल्या सगळ्यांना गाडी शिकवताना एकच मंत्र दिला गेला: ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी होशील.’ मला वडिलांनी दिला, तुम्ही तुमच्या मुलांना देताय. जोरात थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक काय थांबवणार? ते घसरतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मंत्र आला तो खडीच्या रस्त्यांमुळे आणि अचानक धरणाऱ्या ड्रममुळे. खडीवर, चिखलावर, रस्त्यात पडलेल्या पाचटावर तो आजही थोडा खरा आहे. तिथे डिस्क लावून काही होत नाही, वेगच कमी हवा. १२५ सीसीवरच्या नवीन गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, आपल्या शेडमधल्या गाड्यांना ते नाही. तिथे बोटंच एबीएस. म्हणून दाबायचा तो झटक्याने नाही. आधी हलका, वजन पुढे आलं की वाढवत न्यायचा.

मुलीने हे कारखान्याच्या रिकाम्या रस्त्यावर चार रविवार केलं. रस्त्यावर खडूने रेघ मारायची, रेघेवर ब्रेक, पावलं मोजायची. पहिल्या रविवारी ताशी ५० वरून एकतीस पावलं, चौथ्या रविवारी एकवीस. तेव्हा कुठे आईने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. आईने स्वतः मोजलं होतं, आमच्यावर तिचा विश्वास नव्हता.

आपल्या मित्राचं गॅरेज उद्या उघडं आहे आणि माझा व्हर्नियर माझ्या गाडीत आहे. ज्यांच्याकडे डिस्कवाली जुनी गाडी आहे, त्यांनी चहानंतर मास्टर सिलिंडरवर कोरलेला आकडा बघून या. बहुतेकांच्या अंगावरच तो लिहिलेला असतो.