भौतिकोपचार साहाय्यक : कायदा आणि कार्यकक्षा
(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मागील सभेत एका प्रश्नाला मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नव्हतो. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरून आलेले गृहस्थ म्हणाले होते, "साहेब, आईला व्यायाम देणारे ते दादा चांगले सरावलेले आहेत. मॅडम मोकळ्या होईपर्यंत आम्ही पंधरा-पंधरा दिवस कशाला थांबायचं? दादांनाच पाठवा की." प्रश्न रास्त होता. आपल्या विभागात पदवीधर भौतिकोपचारतज्ज्ञ एकच आहेत आणि साहाय्यक दोन. असे असूनही साहाय्यकांच्या स्वतंत्र गृहभेटी आपण बंद केल्या. त्यामागील कारण आज सांगतो, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

आमच्याकडे अर्धांगवायूचा एक रुग्ण होता. मुंबईच्या रुग्णालयातून घरी पाठवलेला, हातात जुना कागद. तज्ज्ञ बाई रजेवर होत्या, घरच्यांचा रोज फोन यायचा. मी साहाय्यकाला पाठवून दिले. रुग्णाचा खांदा आखडला आहे असे पाहून त्याने पडवीच्या वाशाला कप्पी बांधली आणि दोरीने हात वर खेचण्याचा व्यायाम सुरू केला. आखडलेल्या खांद्यासाठी हा व्यायाम आपल्या विभागात नेहमी दिला जातो; तो त्याने शेकडो वेळा करवून घेतलेला होता. परंतु लकव्याने लुळा पडलेला खांदा ही वेगळी गोष्ट आहे. सांधा धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेले असतात. अशा वेळी हात वर खेचला तर सांध्याला इजा होते. आठ दिवसांत त्या गृहस्थांना वेदनेने झोप लागेना. बाई परत आल्यावर त्यांनी साहाय्यकाला नव्हे, मला विचारले, "ह्या रुग्णाला तपासलं कोणी?" उत्तर नव्हते. साहाय्यकाने व्यायाम चुकीच्या रीतीने दिला नव्हता. तो कोणता द्यावा हे ठरवण्याचे काम मी त्याच्यावर टाकले होते.

कायद्याची रेषा नेमकी येथेच आहे. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण १९५३ मध्ये सुरू झाले. आपल्या राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी परिषद आणि नोंदणी यांची तरतूद झाली ती २००२ च्या अधिनियमाने, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. पुढे २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातील व्याख्येनुसार भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणजे रुग्णाची सर्वांगीण तपासणी करून उपचार व सल्ला देणारी, किमान पदवी असलेली व्यक्ती. स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मुभा तिला आहे. साहाय्यकाचे नाव मात्र त्या शीर्षकाखाली नाही. इतर व्यावसायिकांनी ठरवलेला उपचार अमलात आणणाऱ्या संलग्न व्यावसायिकांची व्याख्या कायद्यात आहे. परंतु त्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण आणि पदविका किंवा पदवी लागते. आपले साहाय्यक इथेच काम करत शिकलेले आहेत. त्यांच्या हाताला गुण आहे, प्रमाणपत्र नाही.

अमेरिकेत हे कोडे वेगळ्या रीतीने सोडवले गेले. तेथील व्यावसायिक संघटनेने १९६७ मध्ये साहाय्यकाचे पद मान्य केले आणि १९६९ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली पहिली तुकडी बाहेर पडली. आज त्यांना राज्याचा परवाना किंवा प्रमाणपत्र लागते. ते व्यायाम करवून घेतात, चालण्याचा सराव देतात, नोंदी ठेवतात. पण पहिली तपासणी आणि उपचाराची योजना तज्ज्ञाचीच. देखरेख किती जवळून हवी, याबाबत राज्याराज्यांत फरक आहे. आपल्याकडे साहाय्यकाची अशी लिखित पायरी नाही. त्यामुळे रेषा रुग्णालयालाच आखावी लागते.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत उमगली. व्हाउचर कारकून लिहितो, धनादेशावर सही विश्वस्तांची असते. कारकून प्रामाणिक आहे म्हणून कोणी त्याला कोऱ्या धनादेशाचे पुस्तक देत नाही.

आता आपली पद्धत अशी : नवा रुग्ण प्रथम तज्ज्ञ तपासतील आणि व्यायामाचा तक्ता सही व तारखेसह लिहून देतील. साहाय्यक तेवढेच करवील. शेक, वॉकरवर चालणे, खाटेवरून खुर्चीत बसवणे हे त्याचे काम. शस्त्रक्रिया झालेल्या पायावर भार किती द्यायचा, व्यायाम केव्हा वाढवायचा, सांधा हाताने सैल करायचा की नाही, हे त्याचे नव्हे. काय पाहिले की हात थांबवून फोन करायचा, हेही त्याला शिकवले आहे. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर एका आजींची पोटरी सुजून दुखू लागली. घरच्यांनी तेल लावून चोळायला सांगितले. त्याने नकार दिला, बोलणी खाल्ली आणि बाईंना फोन केला. तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळले असते तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती होती.

ह्या पद्धतीमुळे भेटी कमी झाल्या, हे मी लपवत नाही. महाड शहरात फारसे जाणवत नाही; उमरठकडच्या किंवा आंबेनळी घाटालगतच्या वाड्यांना जाणवते. जुलै २०२१ मध्ये दरडींनी तो घाट बंद पडला होता, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. म्हणून पावसाळ्यापुरती एक सवलत ठेवली आहे : आधी तपासलेल्या रुग्णाला बाई मोबाइलवर प्रत्यक्ष चालताना पाहतील आणि तक्ता बदलतील. नव्या रुग्णाला ही सवलत नाही.

आमच्याच केसपेपरवर साहाय्यकांच्या नावापुढे "फिजिओ" असा शिक्का कित्येक वर्षे उमटत होता. तो काढून टाकला आहे. गावात लोक त्यांना "डॉक्टर" म्हणतात, त्याला आम्ही काय करणार!

देणगीदारांकडे मागणे एकच आहे. यंत्रावर नाव कोरता येते, पगारावर येत नाही. म्हणून पगारासाठी देणगी क्वचितच मिळते. दुसऱ्या पदवीधर तज्ज्ञाचे पद भरल्याशिवाय पोलादपूरच्या भेटी पूर्वीसारख्या होणार नाहीत. विश्वस्तांपुढे तो प्रस्ताव ठेवला आहे. आणि कुटुंबीयांनो, दादा घरी आले की आधी तक्ता मागा. त्यावर बाईंची सही आणि तारीख नसेल, तर त्यांना चहा द्या आणि मला फोन करा.