फ्रान्सच्या खेड्यातील आठ दिवस
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परदेशप्रवासावर बोलायला सांगितले आहे. पॅरिसची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत, तेव्हा मी आपली खेड्याविषयी बोलते.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लिओं शहरी असतो. २०२४ च्या जूनमध्ये त्याने मला बोलावून घेतले आणि आम्ही सगळी क्लुनीजवळच्या एका खेड्यात आठ दिवस राहिलो. तेथे हॉटेल नाही. एका शेतकऱ्याने आपल्या जुन्या दगडी घराचा अर्धा भाग नीटनेटका करून पाहुण्यांना भाड्याने दिलेला आहे. अशा घराला तिकडे ‘झीत’ म्हणतात.

या घरांची हकिकत भावाने सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडची तरुण माणसे शहरांकडे जाऊ लागली व खेड्यांतली घरे ओस पडली. एमिल ओबेर नावाच्या सिनेटरांनी ती दुरुस्त करून सुट्टीसाठी द्यावी असे मनावर घेतले. शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि शहरातल्या साध्या माणसाला स्वस्तात हवापालट होईल. पहिले घर १९५१ साली उघडले, आणि १९५५ मध्ये अशा घरांची देशभर संस्था झाली. सर्व कामगारांना पगारी रजा मिळाली तीसुद्धा १९३६ च्या कायद्याने, दोन आठवडे. १९८२ पासून ती पाच आठवडे आहे.

मी विचारले, “आणि घरातल्या बाईला रजा कोणत्या कायद्याने?” भाऊ हसला. पण भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. झीतमध्ये स्वयंपाकघर असते, आचारी नसतो! शहरातली चूल सोडून खेड्यातल्या चुलीशी उभे राहायचे, तर आपली कसली सुट्टी? माझी भावजय मोठी शहाणी. तिने पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. मला म्हणाली, “ताई, तुमची पाळी नाही.”

दोन दिवस मला चैन पडेना. उगीच कांदे चिरायला जाई. तिसऱ्या दिवशी मात्र अक्रोडाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. समोर कुरणात शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई, आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड. लग्नाला बावीस वर्षे झाली, दिवसाउजेडी अशी रिकामी बसल्याचे मला आठवत नाही.

तेथील शांतता म्हणजे काही चिडीचूप नव्हे. देवळाची घंटा, गाईंचे हंबरणे, कोंबडे, सगळे चालूच असते. ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर तर शेजाऱ्यांनी फिर्याद केली होती. सुट्टीपुरत्या येणाऱ्या त्या मंडळींना त्याचे आरवणे खपेना. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये खेड्यातले आवाज व वास हा गावाचा वारसा आहे असा कायदाच झाला. मला हे फार पटले. पाहुण्याने गावाला गप्प बसवू नये.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. शेतकऱ्याची बायको पहाटेपासून गोठ्यात असे आणि दुपारी आमच्या अंथरुणाच्या चादरी वाळत घाली. तिला रजा केव्हा, हे विचारावेसे फार वाटे. पण मला तिची भाषा येत नव्हती.

निघताना घर झाडूनपुसून द्यायचे, अशी तिकडे बहुतेक ठिकाणी रीत आहे. नाहीतर वेगळे पैसे पडतात. मी आणि भावजयीने चादरींच्या घड्या केल्या. फरशी पुसण्याची पाळी भावाची होती.