छत्तीस फोटोंचा रोल



रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत हे ठाऊक असूनही मी आज फोटोंवरच बोलायला आलो आहे. समोर टेबलावर सात-आठ फोटो पसरलेत. पोस्टकार्डाएवढे, रंगीत, पण रंग विटलेले. महिना मे, साल १९९२. जागा गोराईचं एस्सेलवर्ल्ड, पाळण्यांचं मोठं उद्यान. माणसं आमच्याच घरची, वसई तालुक्यातल्या निर्मळ गावची. मी तेव्हा नऊ वर्षांचा. फोटोत मला ओळखायचं तर पांढरी टोपी शोधायची. ती मी दिवसभर काढली नव्हती.

कॅमेरा मामाचा, मागून आणलेला. त्यात छत्तीस फोटोंचा रोल. बाबांचा नियम एकच, माणसाशिवाय फोटो नाही. नुसत्या यंत्रावर रोल कशाला घालवायचा? यंत्राचे फोटो काय, जाहिरातीत असतातच. त्यामुळे झालंय असं की या सगळ्या फोटोंत पुढे आम्ही उन्हाने डोळे बारीक करून उभे, आणि ज्यासाठी इतक्या लांब गेलो ते सगळं आमच्या खांद्यांमागे. एस्सेलवर्ल्ड बघायचं तर आम्हाला ओलांडून मागे बघावं लागतं. मला वाटतं, त्या काळी तिथे गेलेल्या बहुतेक घरांतले फोटो असेच असणार. चित्र माणसांचं आणि इतिहास पार्श्वभूमीला.

पहिल्या फोटोत एस्सेलवर्ल्ड नाहीच. भाईंदर पश्चिमेला बसच्या रांगेत आत्या, काकी आणि चार पिशव्या. मुंबईकर बोरिवलीहून नाहीतर मार्व्याहून खाडी ओलांडून लाँचने गोराईला जात. आम्ही वसईकर उलट्या अंगाने, उत्तरेकडून. वसई रोडला गाडी पकडायची, नायगाव सोडलं की खाडीचा पूल, मध्ये पाणजू बेट, पुन्हा पूल, की आलं भाईंदर. तिथून उत्तनवरून गोराईचा रस्ता. खरं तर वसई किल्ल्याच्या धक्क्यावर उभं राहिलं तर समोर, खाडीपलीकडे जी टेकाडं दिसतात, तेच ते बेट. उत्तन, गोराई, मनोरी ही सगळी त्या एकाच बेटावरची गावं. जुनं नाव धारावी बेट. मुंबईतली धारावी ती वेगळी. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत या बेटाला फार मोल होतं. तिथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. आमच्या शाळेत हा धडा सर फार रंगवून शिकवीत. पण आमच्या वर्गातल्या पोरांना त्या बेटावर दुसऱ्याच मोहिमेला जायचं होतं.

कारण दूरदर्शनवरची एस्सेलवर्ल्डची ती जाहिरात. घरी जायचंच नाही म्हणून हटून बसलेला मुलगा आणि ते गाणं. ज्यांनी पाहिलंय त्यांना आत्ता, हे ऐकताना, चाल आठवली असेल. गाणं मी म्हणत नाही. पण आमच्या आळीत कुठल्याही लग्नाला, बारशाला, अगदी दवाखान्यातसुद्धा, पोराला निघायचं नसलं की ते तीच चाल धरायचं.

एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ साली. उभं केलं सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने. हा समूह तेव्हा टूथपेस्टच्या प्लॅस्टिक ट्यूब बनवायचा. झी टीव्ही त्यानंतरचं, आमच्या सहलीनंतर पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेलं. म्हणजे आधी ट्यूब, मग पाळणे, मग दूरचित्रवाणी. दिल्लीत अप्पू घर १९८४ सालीच झालं होतं, पण वसईहून दिल्ली कोण जातंय? मुंबईच्या मुलांना घराजवळ एवढं मोठं काही मिळालं ते गोराईलाच.

तसे पाळणे आम्हाला नवे नव्हते. निर्मळची कार्तिकातली जत्रा आमच्या दारातली. आकाशपाळणा, मौत का कुआँ, सुकेळ्यांची दुकानं, आणि फोटोचा तंबू. तंबूत पुठ्ठ्याचं विमान असायचं. त्याच्या खिडकीतून डोकं काढायचं की मागे रंगवलेले ढग. माझ्या आईबाबांचा लग्नानंतरचा पहिला फोटो त्या विमानातला आहे. जत्रेत प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे. त्यामुळे प्रत्येक पाळण्यापुढे घरात एक चर्चा, एक रुसवा आणि एक तह. गोराईला आम्ही गेलो तेव्हा फाटकाशी एकदाच पैसे भरले आणि आत हवं तितक्या वेळा बसा. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. खुद्द अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्येही १९५५ पासून पुढे कित्येक वर्षं कुपनांची पुस्तकं चालत, साध्या पाळण्याला एक अक्षर, मोठ्याला दुसरं. ती पद्धत गेली १९८२ मध्ये. एकदाच पैसे भरले की माणूस बदलतो. जत्रेत आम्हाला आवरणारे बाबा इथे आम्हाला पळवत होते. "चला, चला, तिकडे रांग कमी आहे." पैसे वसूल व्हायला हवेत! दुपारी बारा वाजता, मे महिन्यात, डांबरावरून. एका फोटोत आत्या बाकावर बसून पाय चोळते आहे, तो त्या पळापळीचा पुरावा.

तिसरा फोटो मला सगळ्यांत आवडतो. पुढे आजोबा, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. मागे एक करडा फराटा. बोट फिरवल्यासारखा. तो फराटा म्हणजे वेगात जाणारी गाडी. साध्या कॅमेऱ्याचा पडदा इतका सावकाश उघडझाप करायचा की पळती वस्तू त्यात पुसली जायची. म्हणून आमच्या सगळ्या फोटोंत स्थिर ते सगळं नीट आलंय, खांब, पाट्या, कुंड्या, रांगेचे लोखंडी कठडे. आणि ज्यासाठी गेलो ते फक्त फराटे.

या फोटोची एक गोष्ट आहे. झिपर डिपर नावाची रुळांवरची गाडी होती. अशा गाडीला इंजिन नसतं. सुरुवातीला साखळी तिला चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. पुढचा सगळा वेग उताराचा. चढताना जो टक-टक-टक आवाज येतो तो खटक्याचा. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांवर खटका पडत जातो. आजोबा त्या कठड्याशी थांबले, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "रहाट चाललाय."

आम्ही हसलो. पण म्हातारा बरोबर होता. वसईच्या बागायतीत विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर बैलांचे रहाट होते. केळी आणि पानवेली त्यावर जगल्या. मडक्यांची माळ भरून वर येते, बैल क्षणभर थांबला तर भरल्या मडक्यांच्या भाराने चाक उलटं फिरायचं. ते फिरू नये म्हणून आमच्या रहाटालाही खटका होता, आणि तो दिवसभर तसाच टक-टक करायचा. आजोबा सांगत, रात्रीच्या पाण्याला तो आवाज थांबला की झोपलेला माणूस जागा व्हायचा, कारण बैल थांबला. आणि आकाशपाळणा तरी काय, मडक्यांच्या जागी माणसं बसवलेला रहाटच. जुन्या लोकांच्या तोंडी रहाटपाळणा हाच शब्द असे. आजोबा कुठल्याच पाळण्यात बसले नाहीत. मात्र त्या कठड्याशी ते बराच वेळ उभे होते, आणि फोटो काढताना त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, हे आजही दिसतं.

आता रंगांबद्दल. हे सगळे फोटो लालसर झालेत. आभाळ गुलाबी, झाडं तपकिरी, आईची हिरवी साडी विटकरी. शेजारच्या मुलीने परवा विचारलं, "तेव्हा संध्याकाळ होती का हो?" नाही बाई, भर दुपार होती. रंगीत कागदावर तीन रंगांचे थर असतात, निळसर, किरमिजी आणि पिवळा. अल्बम कपाटात, अंधारात पडून राहिला की त्या काळच्या कागदांवरचा निळसर थर आधी उतरतो. उरतात दोघे, आणि ते मिळून सगळं लाल करतात. उन्हात लावलेल्या फोटोंचं वेगळंच होतं. म्हणजे जपून ठेवलं म्हणून हे असं.

साल लिहिलेलं नसलं तरी गोराईचे फोटो ओळखायची एक खूण मी तुम्हाला सांगून ठेवतो. मागे सोनेरी घुमट आहे का बघा. शेजारीच आज जागतिक विपश्यना पॅगोडा उभा आहे. सत्यनारायण गोएंकांच्या प्रेरणेने बांधलेला, आत एकही खांब नाही, आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. त्याचं बांधकाम २००० साली सुरू झालं आणि राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं फेब्रुवारी २००९ मध्ये. त्यासाठी जमीन दिली ती सुभाषचंद्र यांनीच. एका बाजूला किंकाळ्या, दुसऱ्या बाजूला मौन! असा शेजार मुंबईतच जमू शकतो. आमच्या १९९२ च्या फोटोंत खांद्यांमागे मोकळं आभाळ आहे. चुलतबहीण २००४ मध्ये मैत्रिणींबरोबर गेली होती, तिच्या फोटोत अर्धवट घुमट आहे. भाच्याच्या फोटोत सोनेरी कळस लखलखतोय आणि पाळणाच कोपऱ्यात गेलाय.

मधे १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम झालं आणि पोरांचा ओढा पाण्याकडे वळला. मग ते लोण आमच्याच तालुक्यात आलं. पारोळ-भाताण्याकडे मोठं जलउद्यान झालं, अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्याला घसरगुंड्यांची रिसॉर्टं. आता रविवारी मुंबईची माणसं आमच्याकडे भिजायला येतात आणि विरार स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागते. गोराईच्या गावकऱ्यांना मात्र या सगळ्याचं नुसतं कौतुक होतं असं समजू नका. बेटावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करायचं घाटत होतं तेव्हा गोराई-मनोरी-उत्तनची शेतकरी आणि कोळी मंडळी रस्त्यावर उतरली होती. आमच्या फोटोंत ती माणसं कुठेच नाहीत. बसच्या खिडकीतून दिसणारी त्यांची भातखाचरं आणि मासळी सुकवायचे वलांडेही नाहीत. बाबांनी रोल जपून ठेवला होता ना, आत गेल्यावर वापरायला.

२०२० साली टाळेबंदीत सगळंच थांबलं. वॉटर किंगडम पुन्हा वाहतं झालं. एस्सेलवर्ल्डचे पाळणे मात्र गेली काही वर्षं उभेच आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, म्हणजे ज्या खाडीला आम्ही रेल्वेने वळसा घालून जायचो ती आता गाडीसकट पार होते. जायची सोय झाली तेव्हा जायचं ठिकाण बंद, हा आमच्या वसईचा जुनाच योग आहे.

आता शेवटचा, आठवा फोटो. यात माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा पंधरा वर्षांचा, बगळ्यासारखा एका पायावर उभा आहे. उजवा पाय जमिनीवर, डावा मागे दुमडलेला. चेहरा अगदी गंभीर. या फोटोवर घरात तीस वर्षं हसणं चाललंय. दादाला विचारलं तर तो म्हणायचा, स्टाईल होती. मिथुनची. आम्हीही ते मानून चाललो.

मागच्या महिन्यात फोटो स्कॅन करायला अल्बममधून काढले. ते चिकट पानांचे अल्बम तुमच्याकडेही असतील, वर पारदर्शक कागद असतो आणि खाली पिवळा पडलेला गोंद. ओढलं तर फोटो फाटतो. शिवणाचा दोरा ताणून फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवत न्यायचा, मग सुटतो. आठवा फोटो असाच सोडवला आणि उलटा केला. मागे पेन्सिलीने बाबांचं अक्षर. बाबा तलाठी कचेरीत होते, कागद वाया घालवणं त्यांना जमायचं नाही. त्या दिवसाचा सगळा हिशेब होता. रेल्वे. बस. तिकिटं, मोठी सहा, लहान तीन. उसाचा रस. आत्याला डोकेदुखीची गोळी. लाँच, कारण परत येताना बाबांनी आम्हाला हौसेने बोरिवलीकडून आणलं होतं. आणि सगळ्यांत खाली, रेघ मारून, बेरजेच्या आधी:

"चप्पल, डावी, पाळण्यातून पडली."

मी लगेच दादाला फोन लावला. तो आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, ते फोटोचं सोड. संध्याकाळी सातची विरार लोकल, बोरिवलीहून चढायचं, आणि पायात एक चप्पल."