मीटर बोलतो कसा?

पलूसच्या गल्लीत दर महिन्याला माणूस येतो, मीटरचा फोटो काढतो आणि मग बिल येतं. महावितरणचा नवा स्मार्ट मीटर, म्हणजेच टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर, हे रीडिंग स्वतःच पाठवतो.

या मीटरमध्ये सिमकार्ड असलेलं छोटं मोडेम असतं. ठरावीक मिनिटांनी झालेल्या वापराची नोंद मीटर साठवतो आणि मोबाईल टॉवरमार्फत सर्व्हरला पाठवतो. दुसऱ्या पद्धतीत शेजारशेजारचे मीटर रेडिओलहरींनी एकमेकांमार्फत माहिती पुढे सरकवतात. रेंज गेली तरी नोंद पुसली जात नाही; नेटवर्क आलं की राहिलेली माहिती जाते. वीज गेली, तर आत साठलेल्या थोड्याशा विजेवर मीटर शेवटचा निरोप धाडतो. त्यामुळे बिघाडाची जागा लवकर सापडू शकते.

अशा वेळवार नोंदीमुळे विजेला वेळेनुसार वेगळे दर लावता येतात; कारखान्यांसाठी असे दर जुनेच आहेत. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत जाहीर झाली. तेव्हा घरातली पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री शक्यतो दिवसाच लावा, आणि महावितरणच्या मोबाईल अ‍ॅपवर आपला वापर अधूनमधून तपासत राहा.