पिटलॉक्रीची माशांची शिडी



कामासाठी स्कॉटलंडला होते तेव्हा पिटलॉक्री या डोंगरातल्या छोट्या गावी जाणं झालं. जवळच किलिक्रँकीची घळ आहे. १६८९ साली तिथे लढाई झाली. जीव वाचवायला एका सैनिकाने गॅरी नदीवरून उडी मारली, अशी कथा सांगतात. ती जागा झाडीत आजही दाखवतात.

मला मात्र टमेल नदीवरचं धरण जास्त आवडलं. १९५१ मध्ये पूर्ण झालेल्या या वीजप्रकल्पाला गावातल्या अनेकांचा विरोध होता. सॅल्मन मासे समुद्रातून जन्माच्या ओढ्याकडे अंडी घालायला परततात. धरणाने त्यांची वाटच अडणार होती. म्हणून इंजिनियरांनी कडेने ३४ टाक्यांची, सुमारे ३१० मीटर लांबीची शिडी बांधली. एकेका टाकीत दम घेत मासे वर चढतात.

आपणही गाव सोडून लांब गेलो. इकडे शाळेचा पट घटतो आहे. प्रत्येकाने वर्षातून एक दिवस येऊन मुलांना शिकवलं, तर आपल्या शिडीची एकेक टाकी बांधून होईल. सर, बाई, पहिला तास मी घेईन.